धातूचे वॉरगेमिंग सैनिक: रंगाआधीची तयारी आणि प्रायमर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचे लढाईचे खेळ. त्यासाठी २८ मिमी आणि १५ मिमी उंचीचे धातूचे सैनिक रंगवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. रंगकाम कसं करायचं हे इथे सापडणार नाही. रंगाचा पहिला ब्रश लागेपर्यंत काय काय करायचं, तेवढंच आहे. ‘रंग उडतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच टप्प्यात असतं, म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

१. धातूच्या सैनिकाला प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) लावायलाच हवा का? थेट ॲक्रिलिक रंग दिला तर काय बिघडतं?

रंगवताना काही बिघडत नाही, बिघडतं ते खेळताना. धातू रंग शोषत नाही, त्यामुळे पाण्यातला ॲक्रिलिक रंग त्याच्यावर नुसता बसून राहतो. वाळल्यावर दिसतो छान. पण वॉरगेमिंगचे सैनिक काचेच्या कपाटात उभे राहण्यासाठी नसतात. प्रत्येक चालीला ते उचलले जातात, डब्यात एकमेकांवर आपटतात, आणि धातू जड असल्याने पडले तर मारही जोरात बसतो. मग टोपीची कड, संगिनीचं टोक, गुडघा, घोड्याचे कान अशा जागांवरून चकचकीत धातू डोकावू लागतो. प्रायमर खालून धातूला धरतो आणि त्याचा किंचित खरखरीत, मॅट पृष्ठभाग वरच्या रंगाला धरतो. प्लास्टिकवर एखादा माणूस प्रायमरशिवाय निभावून नेईल, धातूवर नाही.

२. आत्ताच पाकिटातून काढलेला कोरा सैनिक धुवायचा कशाला?

हे सैनिक रबराच्या गोल साच्यात ओततात. साचा वेगाने फिरवला की वितळलेला धातू कडेच्या पोकळ्यांत शिरतो. धातू नीट वाहावा आणि सैनिक सहज सुटावा म्हणून साच्यावर टाल्कम पावडर, कधी सिलिकॉन मारलेलं असतं. ते कपड्यांच्या घड्यांत, बोटांच्या फटीत चिकटून येतं आणि डोळ्यांना दिसत नाही. त्यावर आपल्या हातांचा तेलकटपणा. प्रायमर या थराला चिकटतो, धातूला नाही, आणि पुढे पापुद्र्यांनी निघतो.

भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घाला आणि जुन्या टूथब्रशने सगळ्या बाजूंनी घासा. भरपूर स्वच्छ पाण्याने खळबळा. खाली चहाची जुनी गाळणी धरा, म्हणजे सुटा हात किंवा तलवार मोरीत जाणार नाही. ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. रात्रभर वाळू द्या, कारण खोल घड्यांत पाणी बराच वेळ टिकतं. मी धुण्याचं काम कानस मारून झाल्यावर करतो, म्हणजे धातूचा कीसही त्यातच निघून जातो. धुतल्यावर सैनिकाला फक्त तळाशी धरायचं.

३. जुने सैनिक शिशाचे असतात म्हणतात. ते हाताळणं धोक्याचं आहे का?

घाबरण्यासारखं नाही, पण निष्काळजी राहण्यासारखंही नाही. जुने सैनिक प्रामुख्याने शिसं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे, त्यात थोडं अँटिमनी. अमेरिकेत शिशाविरुद्ध कायद्याच्या हालचाली सुरू झाल्यावर तिथल्या राल पार्था या सैनिक बनवणाऱ्या कंपनीने १९९३ मध्ये शिसेमुक्त मिश्रधातू आणला. सैनिक आणि रंग बनवणाऱ्या ब्रिटनच्या सिटाडेलने तो बदल १९९७ मध्ये केला. त्याआधीचे सैनिक शिशाचेच समजून वागा. त्यानंतरचेही सगळेच शिसेमुक्त असतील असं धरू नका. नॉटिंगहॅमच्या आसपास या धंद्याची इतकी दाटी आहे की हौशी मंडळी त्या पट्ट्याला आजही ‘लेड बेल्ट’ (शिशाचा पट्टा) म्हणतात.

ओळखायचं कसं? सैनिकाचा तळ पांढऱ्या कागदावर ओढा. शिसं जास्त असेल तर पेन्सिलसारखी राखाडी रेघ उमटते. असा धातू हाताला जड लागतो आणि सहज वाकतो.

धातूच्या रूपातलं शिसं कातडीतून फारसं शिरत नाही, ते शिरतं तोंडातून आणि श्वासातून. म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, कानस ओली ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा, शेवटी टेबल ओल्या फडक्याने पुसा. काम चालू असताना चहा-बिस्किट नको, सिगारेट नको, नंतर हात साबणाने धुवा. कीस बाटलीत साठवा आणि घातक कचऱ्यात द्या, मोरीत सोडू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हे सगळं आणखी काटेकोरपणे पाळा.

४. साच्याची रेघ नेमकी कशी काढायची? मी काढतो, तरी रंगवल्यावर दिसतेच.

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे सैनिकाच्या दोन्ही कडांनी एक बारीक उंचवटा राहतो. कुठे कुठे त्याला पातळ पत्र्यासारखा तुराही असतो. नुसत्या चकचकीत धातूवर ही रेघ नजर चुकवते, कारण सगळंच चमकत असतं. टेबललॅम्प बाजूला आडवा ठेवा आणि सैनिक हळूहळू फिरवा, तिची सावली पडते. डोळ्यांपेक्षा नखावर जास्त भरवसा ठेवा. टोपीचा माथा, खांद्यापासून मनगटापर्यंतची बाजू, बंदुकीची नळी, दोन पायांच्या मधली जागा आणि घोड्याची आयाळ इथे ती हमखास असते.

तुरा धारदार कटरने कापा. रेघ मात्र कापायची नसते, खरवडायची असते. पातं पृष्ठभागावर जवळजवळ काटकोनात उभं धरा आणि आपल्याकडे हलकेच ओढा. कापायला गेलात तर मऊ धातूत पातं रुततं आणि सपाट खाच पडते. गोलाईवर सोनारांकडे असतात तशा बारीक कानशी वापरा: हाताला गोल, पट्ट्याला चपटी, बगलेत त्रिकोणी. कानस एकाच दिशेने आणि अंगाच्या वळणाबरोबर फिरवा. मऊ धातू तिच्या दातांत लगेच भरतो. आधी कानशीला खडू घासला तर कमी भरतो, भरलाच तर पितळी तारेच्या ब्रशने झाडा. शेवटी ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून.

चेहऱ्यावर कानस नको. गालावरून रेघ जात असेल तर पात्याच्या टोकाने तेवढीच, भिंगाखाली. चिलखताच्या कड्यांवरून जात असेल तर खरवडल्यावर सुईने कड्या पुन्हा टोचून उठवाव्या लागतात.

इतकं करूनही काही रेघा प्रायमरनंतरच दिसतात. राखाडी मॅट थरावर त्या उघड्या पडतात. तेव्हा तिथेच थांबा, रेघ घासा, धुवा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर द्या. ‘रंगाखाली झाकली जाईल’ असं धरून पुढे गेलात तर वॉश (घड्यांत साचणारा पातळ गडद रंग) दिल्यावर ती रेघ काळी होऊन समोर येते.

५. असईच्या लढाईसाठी मराठा स्वार जमवतोय. धातूचे भाले सारखे वाकतात, सरळ कसे करू?

१८०३ च्या असईवर खेळायचं तर स्वार पुष्कळ लागतात, आणि पातळ ओतीव भाला हा धातूच्या सैनिकाचा सगळ्यात दुबळा अवयव. एकदा वाकलेला भाला दोन बोटांत धरून, थोडा थोडा दाब देत सरळ करता येतो. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये ठेवून लाटला तर अधिक सरळ होतो. पण तोच भाला पुन्हा पुन्हा वाकवला की धातू थकतो आणि तुटतो. शिसेमुक्त धातू तर लवकर तुटतो. गरम पाण्यात बुडवायची युक्ती रेझिन आणि मऊ प्लास्टिकसाठी आहे, धातूला तिचा उपयोग नाही. गॅसच्या ज्योतीवर मुळीच धरू नका. कथिल-शिशाचं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसलाही वितळू शकतं, हातातला भाला डोळ्यांदेखत थेंब होईल.

माझं मत स्पष्ट आहे: ओतीव भाला कापून टाका आणि तारेचा बसवा. मुठीत आरपार छिद्र पाडा, १ मिमीच्या आसपासची पितळी किंवा पोलादी तार घाला, टोक पकडीने चपटं करून कानशीने पात्याचा आकार द्या. २८ मिमीच्या सैनिकाला ती जाडी शोभते. पोलादी टोक टोचतं, ते थोडं बोथट करा.

६. हात चिकटवला की दोन दिवसांत निखळतो. फेव्हिक्विक कमी पडतं का?

फेव्हिक्विकसारखं सायनोॲक्रिलेट सरळ ताण सोसतं, पण आडवा धक्का आणि आपटणं सोसत नाही. त्यात दोन्ही तोंडं नीट जुळलेली नसतील तर गोंद पोकळीतच राहतो. म्हणून आधी कोरडं जुळवून पाहा, तोंडं कानशीने सपाट करा, थोडी खरवडा, धुवा, आणि मग अगदी लहान थेंब. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती नव्हे.

जड भागांना पिन हवीच. हातड्रिलने ०.८ किंवा १ मिमीचं छिद्र सावकाश पाडा, ३–४ मिमी खोल. एका बाजूच्या छिद्रात तार बसवून तिच्या टोकाला रंगाचा ठिपका द्या आणि भाग जुळवा. ठिपका दुसऱ्या बाजूला नेमकी जागा दाखवतो. मोठ्या घोड्याला किंवा राक्षसाला फेव्हिक्विकऐवजी दोन नळ्यांचं अरल्डाइट लावा आणि रात्रभर हलवू नका. प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट गोंद धातूवर चालत नाही. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि इथे विरघळायला काही नसतं.

७. सांध्यात फट राहते. एम-सीलने भरली तर चालेल?

बेसवर (सैनिक उभा असतो त्या चकतीवर), खडकावर, मोठ्या फटीत चालेल. अंगावरच्या बारीक कामाला त्याचा पोत भरड पडतो. तिथे ग्रीन स्टफ किंवा मिलिपुट या हॉबीच्या पुट्ट्या बऱ्या. ग्रीन स्टफ वाळल्यावरही थोडं लवचीक राहतं आणि नीट घासलं जात नाही, म्हणून ओल्या बोटाने ओलं असतानाच गुळगुळीत करा. मिलिपुट कडक होतं, नंतर घासता येतं. पुट्टी पूर्ण पक्की झाल्याशिवाय प्रायमर देऊ नका.

८. हार्डवेअरच्या दुकानातला प्रायमर चालतो का, की हॉबीचाच घ्यावा?

गाड्यांच्या टचअपसाठी मिळणारा राखाडी स्प्रे प्रायमर धातूच्या सैनिकावर चालतो, आणि पकडही चांगली घेतो. त्यातलं दर्जेदार पाहून घ्या, काहींची फवारणी जाड असते. आधी एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर मारून बघा. सैनिकाला प्लास्टिकचे भाग असतील तर प्रश्न १७ वाचल्याशिवाय मारू नका.

ग्रिल-दरवाज्यांचा रेड ऑक्साइड मात्र नको. तो लोखंड गंजू नये म्हणून असतो, जाड बसतो, आणि २८ मिमीच्या चेहऱ्यावरचे डोळे-ओठ बुजवून टाकतो. झिंक क्रोमेटचा तर विचारही नको, त्यातलं क्रोमियम विषारी असतं. चित्रकार कॅनव्हासला आधी देतात तो जेसो वाळताना छान आक्रसतो, तपशील झाकत नाही, पण धातूवर त्याची पकड कच्ची. रोज खेळायच्या सैनिकाला मी तो सुचवणार नाही.

हॉबीच्या प्रायमरमध्ये दोन कुळं लक्षात ठेवा. तामियाचा फाइन सरफेस प्रायमर किंवा मिस्टर सरफेसर हे सॉल्व्हंटवाले. धातूवर घट्ट बसतात, थर अतिशय पातळ, वास मात्र उग्र. दुसरे पाण्यातले, उदाहरणार्थ वालेहोचा सरफेस प्रायमर, तो ॲक्रिलिक-पॉलियुरेथेनचा. वास कमी, घरात वापरता येतो, पण पक्का व्हायला वेळ घेतो (प्रश्न १३). धातूसाठी निवडायचं असेल आणि मोकळी हवा उपलब्ध असेल तर मी सॉल्व्हंटवाला घेईन.

९. काळा, पांढरा की राखाडी?

पकडीच्या दृष्टीने सारखेच. काळा दिला की घड्यांतली सावली आपोआप मिळते, चिलखतधारी सैनिकांना बरा. भगवा, पिवळा, लाल हे रंग काळ्यावर मळकट दिसतात, त्यांना पांढरा किंवा फिका राखाडी. सिटाडेलचे २०१९ मध्ये आलेले कॉन्ट्रास्ट रंग आणि त्या जातीचे सगळे पारदर्शक रंग फिक्या प्रायमरवरच खुलतात. ठरत नसेल तर राखाडी घ्या. काळा देऊन वरून, उन्हाच्या कोनातून, पांढऱ्याची हलकी फवारणी हाही सुंदर मार्ग आहे: प्रकाश कुठून पडतो ते आधीच दिसतं.

१०. स्प्रे नीट कसा मारायचा?

सैनिक लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने अंतर ठेवून चिकटवा. कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. या कामात कंजुषी केली तर आधी नुसतं पातळ द्रव्य आणि नंतर गुठळ्या येतात. आधी पुठ्ठ्यावर एक फवारा मारून बघा. मग २० ते ३० सेंमी अंतरावरून, फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करायचा, सरळ पुढे न्यायचा आणि बाहेरच थांबवायचा. एका जागी रोखून धरू नका.

पहिल्या हाताने सैनिक पूर्ण झाकला जाता कामा नये. मधून धातू दिसत राहिला तर ते योग्यच आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टी फिरवून दुसरा हात, मग सैनिक आडवे करून खालून तिसरा. हनुवटीखाली, ढालीमागे, घोड्याच्या पोटाखाली प्रायमर पोचलेला नसतो, ते शेवटी ब्रशने भरा. शिल्पकाराने कोरलेली बटणं आणि मिशा जिवंत ठेवायच्या असतील तर पातळ हातांना पर्याय नाही.

कॅनमधला वायू पेट घेतो. गॅलरीत मारत असाल तरी जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस पेटलेला नसावा. साधा कापडी मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचाच लागतो.

११. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात स्प्रे मारता येतो का? आणि नागपूरच्या मे महिन्यात?

भर पावसात नको. फवारा बाहेर पडताना सॉल्व्हंट झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं. परिणाम म्हणजे पांढुरका, दुधाळ थर आणि कच्ची पकड. जुलैत किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. मी ७० च्या वर कॅन उचलत नाही. स्वस्तातला आर्द्रतामापक या छंदात पैसे वसूल करून देतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: एसीच्या खोलीतून थेट गॅलरीत आणलेला धातू थंड असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. सैनिक तासभर बाहेरच्या हवेत राहू द्या, मग फवारा. उघडीप मिळेना तर पाण्यातला प्रायमर ब्रशने द्या (प्रश्न १२).

विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं होतं. फवाऱ्याचे थेंब सैनिकापर्यंत पोचण्याआधीच वाळतात आणि अंगावर वाळूसारखे बसतात. पहाटे मारा, अंतर थोडं कमी करा. कॅन गच्चीवर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. इंग्लंड-कॅनडाच्या हिवाळ्यात असलेल्यांनी कॅन कोमट पाण्यात काही मिनिटं उभा करावा. उकळत्या पाण्यात किंवा हीटरवर कधीही नाही.

१२. स्प्रेशिवाय, नुसत्या ब्रशने प्रायमर देता येतो का?

येतो, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी तोच खरा मार्ग. ब्रशसाठीचाच प्रायमर घ्या, साधा पांढरा ॲक्रिलिक रंग म्हणजे प्रायमर नव्हे. जुना मऊ ब्रश, थोडा माल, आणि वरून खाली ओढत जायचं. घड्यांत साचलं तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवू नका, तो उचलला जातो. पहिला हात डागाळलेला दिसला तरी दुसऱ्यात जुळून येतो.

१३. किती वेळ वाळू द्यायचं?

हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पक्का त्यानंतर बराच उशिरा होतो. सॉल्व्हंटवाल्याला रात्रभर, पाण्यातल्याला किमान २४ तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. बेसच्या खालच्या बाजूला नख घासून बघा: निघाला तर थांबा.

१४. स्वार आणि घोडा आधी जोडून प्रायमर देऊ की वेगवेगळे?

मांडी आणि खोगीर यांच्यामध्ये ब्रश पोचत नसेल तर वेगवेगळे. पण जिथे ते नंतर चिकटणार आहेत ती दोन्ही तोंडं ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने) झाका. प्रायमरवर लावलेला गोंद प्रायमरला धरतो, धातूला नाही, आणि धक्का बसला की प्रायमरसकट सुटतो. झाकायचं राहिलं तर पात्याने खरवडून धातू उघडा करा. पायदळाचा साधा एकसंध सैनिक असेल तर एवढा खटाटोप नको.

१५. प्रायमर खरखरीत झाला, किंवा जाड थर बसला. आता?

हलकी खरखर कडक टूथब्रशने कोरडी घासली तर बरीचशी निघते. कारण बहुधा जास्त अंतर किंवा उष्ण हवा (प्रश्न ११). तपशील बुजले असतील तर वरून काही करून ते परत येत नाहीत, उतरवून पुन्हा सुरुवात करा. धातूचं हे मोठं सुख आहे: कितीही वेळा उतरवा, मूळ शिल्प तसंच मिळतं.

उतरवण्यासाठी ब्रिटनमधली मंडळी वर्षानुवर्षं वापरतात ते डेटॉल आपल्याकडे घरोघरी असतं. पाणी न घालता, झाकणाच्या बरणीत सैनिक रात्रभर बुडवा. हातमोजे घालून डेटॉलमध्येच ब्रशने घासा, मग फडक्याने पुसा. पुसण्याआधी पाणी लागू देऊ नका, पाणी लागताच निघालेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि सुटता सुटत नाही. शेवटी भांड्यांच्या लिक्विडने धुवा. सॉल्व्हंटवाला प्रायमर डेटॉलला दाद देत नसेल तर ॲसिटोन, फक्त पूर्ण धातूच्या सैनिकाला, मोकळ्या हवेत, आगीपासून दूर. त्याने फेव्हिक्विकचे सांधेही सुटतात. बालदीभर जुने सैनिक विकत घेतलेल्यांना मात्र तेच हवं असतं.

१६. जुन्या सैनिकांवर पांढरी भुकटी आली आहे. वरून प्रायमर देऊन दाबून टाकू का?

नाही. नुसता काळपट राखाडीपणा असेल तर तो साधा ऑक्साइड, धुऊन पुढे जा. पांढरी, फुगणारी भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट. तो प्रायमरखालीही वाढत राहतो आणि विषारी आहे. लाकडातून, विशेषतः ओक, ताजं प्लायवुड, एमडीएफ यांतून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ, त्यात दमट हवा, बंद कपाट: याने तो येतो. कोरडा ब्रश कधीच मारू नका. पाण्याखाली, हातमोजे घालून, घट्ट धातू लागेपर्यंत घासा, लगेच वाळवा आणि त्याच दिवसाच्या आसपास प्रायमर द्या. व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला मिळतो, तो घेऊ नका, व्हिनेगर म्हणजे तेच ॲसेटिक आम्ल. तपशील खाल्ले गेले असतील तर ते परत येत नाहीत. बाकीचे सैनिक आधी त्या कपाटातून बाहेर काढा आणि प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा.

१७. धड धातूचं आणि हात प्लास्टिकचे आहेत. काय बदलतं?

गाडीचा सॉल्व्हंट प्रायमर जाड बसला तर पॉलिस्टायरीन, म्हणजे या हातांचं प्लास्टिक, मऊ पडतं. हॉबीचा, दोन्हींसाठी असलेला प्रायमर घ्या. सांधा फेव्हिक्विकने जोडा. ॲसिटोन पूर्ण बाद.

१८. खेळून खेळून संगिनीचं टोक उघडं पडलंय. सगळा सैनिक उतरवावा लागेल का?

नाही. ती जागा साबणाच्या ओल्या ब्रशने पुसा, उडालेल्या रंगाची कड ६०० नंबरच्या पेपरने उतरती करा, ब्रशचा प्रायमर द्या, २४ तासांनी रंग आणि वर वार्निशचे दोन हात. पण टोकाऐवजी पाठीवरून, सपाट जागेवरून मोठा पापुद्रा निघत असेल आणि त्याच्या खालची बाजू तुळतुळीत असेल, तर सैनिक कधी धुतलाच गेला नव्हता. तो पूर्ण उतरवा (प्रश्न १५) आणि प्रश्न २ पासून सुरू करा.